माझ्या नावावर त्यांची भट्टी

बँकेच्या साहेबांसमोर दोनच खुर्च्या होत्या. एकीवर वकील मॅडम बसल्या, दुसरीवर त्यांचा भाऊ. मी भिंतीला टेकून उभी. कर्ज माझ्या नावाचं होतं.

साहेबांनी विचारलं, "धंदा कोण बघणार?"

मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ही नुसती नावाला. सगळं माझा भाऊ बघेल. या लोकांकडे जातीचा दाखला असतो. बाकी काय असतं?"

साहेब हसले. भाऊपण हसला. मी तिथंच होते. हाताच्या अंतरावर.

मी सुरगाण्याकडची, आदिवासी. लग्न होऊन नाशिक रोडला आले. नवरा सोसायटीत वॉचमन. मी नागलीची बिस्किटं करते. ती एका बेकरीवाल्याच्या भट्टीत भाजून घ्यायची, तेही त्याचं काम उरकल्यावर. तो नको म्हणाला की माझा धंदा बंद. म्हणून स्वतःची भट्टी हवी होती. आदिवासी बायकांना सवलतीचं कर्ज मिळतं, असं कळलं होतं.

मॅडम आमच्या वस्तीत महिला मेळाव्याला आल्या होत्या. बाईनं स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, असं बोलल्या. माझी बिस्किटं खाल्ली. मी कर्जाचा विषय काढला तर म्हणाल्या, "बँक तुला दारात उभं करणार नाही. वकील लागतो. मी आहे ना."

फीसाठी मी कानातलं मोडलं. दिवाळीला त्यांच्या घरी फराळ करायला गेले, फुकट. त्या खांद्यावर हात ठेवून 'तू आपलीच' म्हणायच्या, तेव्हा बरं वाटायचं. तो हात माझं माप घेत होता.

तर त्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये मॅडमनी कागदावर बोट ठेवलं. "इथं सही कर आणि बाहेर बस."

मी पेन घेतलं. विचारलं, "भट्टी कुणाची?"

भाऊ म्हणाला, "तुला महिन्याला देऊ ना काहीतरी. घरबसल्या."

मी पेन खाली ठेवलं. फायलीतून माझा जातीचा दाखला काढून घेतला.

"मी सही करणार नाही."

"वेडी आहेस का? माझ्यामुळे इथवर आलीस."

"तुमच्यासाठी आणलंत मला. माझ्यासाठी नाही."

दाखला घेऊन बाहेर आले. अपमान काय, आश्रमशाळेपासून सोसलेत. पण ते करणाऱ्या कुणी मला आपली म्हटलं नव्हतं. या बाईनं म्हटलं होतं.

नवरा म्हणाला, "मोठ्या लोकांशी वैर नको. लय महागात पडंल." त्या दिवशी मी जेवले नाही.

मग दुसऱ्या बँकेत एकटी गेले. तिथली क्लार्क म्हणाली, "ताई, या अर्जाला वकील कशाला? तुम्हीच भरा." मी बाकावर बसून रडले. रागानं. मग अर्ज भरला. उत्तर अजून आलेलं नाही.

वकिलांच्या परिषदेकडे मॅडमविरुद्ध तक्रारही केलीय. मॅडमचा निरोप आला, फी परत देते, तक्रार मागे घे. मी नाही म्हटलं.

परिषदेत बोलावतील तेव्हा जाईन. त्या केबिनमध्ये जे बोलल्या ते त्यांच्यासमोर, शब्दाला शब्द सांगेन. कर्ज मिळो न मिळो. माझी जात कुणाला भाड्यानं मिळणार नाही.