दोन वेण्यांची वाईट पोर

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत होते, आणि आमच्या क्वार्टरमध्ये केबल आली तेव्हा मी शाळेत होते. लोक भुताचे सिनेमे रात्री बघतात म्हणे. मी मात्र सगळे दुपारीच पाहिले, आई बाजारात गेली की, मांडीवर पोह्यांची ताटली घेऊन. पांढऱ्या साडीतल्या बाईची मला कधी भीती वाटली नाही, जमिनीतून वर येणाऱ्या हाताचीही नाही. मी टरकायचे ती सिनेमातल्या लहान पोराला. स्वच्छ कपडे, नीट भांग, मोठ्यांशी अदबीनं बोलणं, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून खाली बघणं. राक्षस दिसला की निदान पळता येतं. असल्या लेकराला मात्र दूध प्यायलास का म्हणून विचारावं लागतं.

लग्न होऊन न्हावऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवर आले, घराच्या पुढच्या खोलीत ब्युटी पार्लर टाकलं, मुलगी झाली, तरी हा नाद सुटला नाही. नवरा रांजणगावला कंपनीत, त्याची शिफ्ट. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, दुपारी शेतावर. मग मी मोबाइलवर सिनेमा लावायची. मुलगी लहान होती म्हणून तिला बाहेर खेळायला पाठवायचे, तर ती खिडकीतून बघायची. शेवटी खिडकीत लटकून पडण्यापेक्षा बरं म्हणून शेजारीच बसवून घेतलं.

दुसरीत जाईपर्यंत ती या विषयातली जाणकार झाली होती. सिनेमा सुरू होऊन नावाची पाटी पडायच्या आत ती बोट दाखवायची. "मम्मी, ही बघ. हिच्या वेण्या लय सारख्या हायत. हीच समद्यांना मारणार." आणि तसंच व्हायचं. याचा एक परिणाम असा झाला की ती स्वतःच्या वेण्या सारख्या घालू देईना. एक वर, एक खाली, अशीच शाळेत जायची. पार्लरवालीची पोर असून अशी, म्हणून बायका मला हसायच्या.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून काही तरुण पोरं आली. त्यांना भुताचा सिनेमा काढायचा होता. आमच्या शेजारच्या काकूंच्या थोरल्या मुलानं उसाच्या कडेला बंगला बांधायला काढलाय, तो अर्धवट आहे. तो त्यांना फार आवडला. गोष्ट साधी होती. एका जोडप्याला उसात एक अनाथ मुलगी सापडते, ते तिला घरी आणतात, आणि मग घरातली माणसं एकेक करून कमी होत जातात. त्यांची मेकअपवाली ऐनवेळी आली नाही, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी पेटी घेतली आणि पोरीला बरोबर नेलं. आप्पाही आले. आपल्या वस्तीवर काही चाललं असलं की खुर्ची टाकून देखरेख करायची, हा त्यांचा बाणा. ते एकदा पंचायतीत निवडून आलेले आहेत आणि कुणाच्या बापाला भीत नाहीत, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगतात.

अनाथ मुलीच्या कामासाठी पुण्याहून एक चिमुरडी आणली होती. गोड पोर, बिस्किटाच्या जाहिरातीत वगैरे आलेली. पण उसात उभं केल्याबरोबर तिला पाचटाची कुसं लागली, अंग खाजायला लागलं, आणि त्यातच काकूंची म्हैस तिच्या कानाजवळ शिंकली. ती जी गाडीत जाऊन बसली ती बाहेर येईना. तिच्या आईनं काचा वर केल्या. डायरेक्टर म्हणजे एक दाढीवाला किडकिडीत मुलगा होता. तो काचेबाहेरून विनवण्या करून थकला आणि उन्हात डोकं धरून बसला.

आमची कार्टी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की मी करते. त्यानं हसून रागवून दाखवायला सांगितलं. तिनं डोळे वटारले, दात खाल्ले, हाताचे पंजे केले. सगळी हसली. आप्पा सगळ्यात जास्त हसले. ती मात्र हसली नाही. तिनं त्याला समजावून सांगितलं, "दादा, ती पोरगी रागवत नसती. ती लाडात येती."

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, तुला वाटतं तसं कर. ती माझ्याकडे आली आणि स्वतःहून मान पुढे करून बसली. "वेण्या सारख्या घाल," म्हणाली. मी जन्मात घातल्या नसतील इतक्या सारख्या वेण्या घातल्या.

बंगल्याच्या चौकटीशिवायच्या दारात ती उभी राहिली. हात मागे, मान किंचित कलती. समोर सिनेमातली आई भाजी चिरत होती. आमच्या पोरीनं तिला साखरेसारख्या आवाजात विचारलं, "आई, बाबा आता नाही येणार. आपण जेवून घेऊ या का?"

बॅटरीचा दिवा धरलेला माणूस एक पाऊल मागे सरला. ज्या बाईनं आईचं काम केलं ती तिचं पुढचं वाक्य विसरली. आप्पा खुर्चीतून उठले आणि मोटर बघून येतो म्हणाले. तेव्हा लाईट गेलेली होती, मोटर बंदच होती, पण ते गेले आणि त्या शूटिंगला पुन्हा फिरकले नाहीत. माझ्या अंगावर काटा आला तो वेगळ्याच कारणानं. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. रोज याच आवाजात ती माझा मोबाइल मागते.

दिवाळीच्या आधी सिनेमा इंटरनेटवर आला. मोटरीचं विसरून आप्पांनी सगळ्या वस्तीला बोलावणं केलं, नातीचा सिनेमा आहे म्हणून. रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये पडदे ओढून टीव्हीवर लावला. माणसं दाटीवाटीनं बसली. सुरुवातीला आपला बंगला, आपला ऊस, काकूंची म्हैस दिसली की टाळ्या पडत होत्या. हळूहळू टाळ्या थांबल्या. मध्यावर काकूंनी आपल्या नातवाला ओढून मांडीवर घेतलं, आणि तो दुसरीतला, चांगला थोराड पोरगा. सिनेमा संपला तेव्हा कुणी जागचं हललं नाही. आमची पोर सगळ्यात पुढं बसून फरसाण खात होती. तिनं मागं वळून विचारलं, "आवडला का?"

चहा न घेता लोक गेले, आणि आमच्याकडे हे कधी होत नाही.

पहिले काही आठवडे मजेत गेले, खोटं कशाला बोलू. ती दुकानासमोर मान कलती करून नुसती उभी राहिली की दुकानदार न मागता गोळी द्यायचा. शिरूरच्या एसटीत कंडक्टर तिला खिडकीची जागा करून द्यायचा. पार्लरमधल्या स्टुलावर ती येऊन बसली की थ्रेडिंगला ओरडणाऱ्या बायका दगडासारख्या गप्प बसायच्या, माझं काम लवकर व्हायचं. घरात टीव्हीचा रिमोट आजवर आप्पांच्या उशाशी असायचा. तो आता तिच्याकडे आला. तिनं मागितला नव्हता. जेवताना तिनं एकदा आप्पांना फक्त म्हटलं, आप्पा, तुम्ही दमला असाल, जरा लवकर पडा. त्यांनी अर्धी भाकरी ताटात सोडली. तेव्हापासून ते तिला ताईसाहेब म्हणायला लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून हसायची.

हसणं थांबलं ते म्हशीवरून. काकूंची म्हैस आटली आणि काकू चार बायकांत बोलल्या की त्या पोरीनं गोठ्यात डोकावून पाहिलं होतं. ते माझ्या कानावर आलं. मग वरवंडच्या एका लग्नात नवरीच्या मेकअपचं काम मिळालं होतं, तिथून नवरीच्या आत्याचा फोन आला. आढेवेढे घेत त्या म्हणाल्या की तुम्ही या, पण मुलीला नका आणू, शुभकार्य आहे. मी बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि हातातला कंगवा भिंतीवर मारला.

शाळेतलं मला सगळ्यात उशिरा कळलं. ती घरी येऊन काही बोलायची नाही, नुसतं खायला मागायची. एकदा दुपारी मी तिची विसरलेली पाण्याची बाटली द्यायला वस्तीच्या शाळेत गेले. खिचडीची सुट्टी झाली होती. व्हरांड्यात सगळी पोरं ओळीनं जेवत होती आणि ती एकटी नळाजवळ ताटली घेऊन बसली होती. घरी आल्यावर मी विचारलं. दप्तराची चेन उघडत-लावत ती म्हणाली, "मी कुणाला मारलं न्हाई मम्मी. ते रगत तर लाल सरबत होतं."

मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण तिला ते आवडत नाही. म्हणून मी तिच्याशेजारी नुसती बसून राहिले. इतकी वर्षं त्या सिनेमांतल्या पोरांना मी भीत आले, पण ती पोरं दुपारच्या सुट्टीत कुणाबरोबर जेवत असतील हा विचार मला कधी शिवला नव्हता.

तिच्या बाई केंदूरहून स्कूटीवर येतात. त्यांना भेटले तर त्यांनी सांगितलं की सिनेमातलं सगळं खोटं असतं हे त्यांनी वर्गात समजावून पाहिलं, पण पोरांच्या आयांनीच पोरांना दटावून ठेवलंय. सांगून भागणार नव्हतं. मला एकच विद्या येते, मेकअपची. मी ठरवलं की दाखवूनच द्यायचं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दुसरीच्या पोरांना मी पार्लरवर बोलावलं. भूत कसं करतात ते दाखवते म्हटलं. आधी दोघंच आली, तीही दाराबाहेर उभी राहिली. मी त्यांच्यासमोर माझ्याच तोंडाला पांढरी पावडर फासली, डोळ्यांखाली काजळ पसरलं, ओठाच्या कडेला गुलाबाचं लाल सरबत लावलं आणि जिभेनं चाटून टाकलं. तशी ती दोघं हसली. मग बाकीची आली. थोड्या वेळात खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. प्रत्येकाला भूत व्हायचं होतं.

रंगवायचं काम माझं होतं, बाकीचं आमच्या पोरीनं हातात घेतलं. ती ओळीनं उभं करून शिकवत होती. मान इतकीच कलती करायची, जास्त केली तर मान लचकल्यासारखी दिसते. पापणी लवू द्यायची नाही. "दात दाखवायचे न्हाईत. गालातल्या गालात हसायचं. आन् आवाज गोड काढायचा, पावण्यांशी काढतो तसा." सगळ्यात चांगलं कुणाला जमलं असेल तर काकूंच्या नातवाला. सरबताचं पातेलं रिकामं झालं आणि पोरं तशाच तोंडानं आपापल्या घरी गेली. पुढचा अर्धा तास वस्तीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बायकांच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या.

माझ्या हिशेबानं गोष्ट तिथं मिटली होती. पण सोमवारी शाळेत तपासणीला शिक्षण विभागाचे साहेब येणार होते. बाईंनी पोरांना बजावून ठेवलं होतं की भांग पाडून या, गडबड करायची नाही, साहेबांशी गोड बोलायचं. आता नुकत्याच शिकवणीतून बाहेर पडलेल्या त्या पोरांना याचा एकच अर्थ कळला.

साहेब दारात आले. सगळा वर्ग आवाज न करता, हळूहळू, एकाच वेळी उभा राहिला. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला कलल्या. गालातल्या गालात हसत, पापणी न हलवता, सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "या साहेब. आम्ही तुमचीच वाट बघत होतो."

साहेब मागे सरले आणि त्यांची पाठ दाराला लागली. मग सावरून त्यांनी पुढच्याच पोराला तेराचा पाढा विचारला. तो काकूंचा नातू निघाला. त्यानं साहेबांच्या डोळ्यांत बघत, एकेका आकड्यामागे थांबत, अंगाई म्हणावी तसा तेराचा पाढा म्हटला. साहेबांनी मध्येच पाणी मागितलं. दरवर्षी ते भोजनापर्यंत थांबतात, यंदा पुढच्या शाळेची घाई आहे म्हणाले. निघताना बाईंना इतकंच बोलले, "मुलं शांत आहेत तुमची. जरा जास्तच शांत आहेत."

हे सगळं मला बाईंनी फोनवर सांगितलं. फोन आला तेव्हा मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण त्यांना हसू आवरत नव्हतं, त्यामुळे अर्धं मला दुसऱ्यांदा फोन केल्यावर कळलं.

त्या दिवशी खिचडीच्या वेळी आमची पोर व्हरांड्यातल्या ओळीत मधोमध बसली होती, आणि दोन्ही बाजूंनी पोरं तिला आपलं नीट झालं का ते विचारत होती. सगळाच वर्ग वाईट निघाल्यावर एकटीला कोण भिणार. काकू मात्र पुढच्या आठवड्यात माझ्याकडे आल्या. नातू घरात जिन्यावर उभा राहून त्यांना "आजी, भूक लागली का" म्हणून विचारतो, त्याच्या तोंडावर ते काय लावलंय ते पुसून द्या म्हणाल्या. मी त्यांना खरं ते सांगितलं, तोंडावर काही लावलेलं नाही, ते पोराचं स्वतःचंच आहे. म्हशीचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

पोरीचं भुताचं वेड हल्ली उतरलंय. तिला आता केक करायचेत. गेल्या रविवारी तिनं कुकरमध्ये पहिला केक केला. खालून करपलेला, मध्ये कच्चा, आणि साखर घालायची राहून गेलेली. तिनं सगळ्यांना एकेक तुकडा दिला आणि पुढं उभी राहून गोड आवाजात कसा झालाय ते विचारलं. नवऱ्यानं छान म्हटलं. मीही म्हटलं. आप्पांनी दोनदा मागून घेतला.