सोळा वर्षांच्या गाडीचा भाव

इगतपुरीला भावाकडे जाऊन परत येताना घोटीच्या पुढे आम्ही गाडी कडेला लावून चहा प्यायला उतरलो, म्हणून वाचलो. मागून आलेल्या ट्रकचे ब्रेक लागले नाहीत. त्याने आमची उभी गाडी ढकलत नेऊन झाडावर आदळली. माझ्या हातात अजून चहाचा ग्लास होता.

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. गाडी सोळा वर्षांची, जुनीच घेतलेली. माझे यजमान नाशकातल्या एका कारखान्यात फिटर होते आणि रविवारचा अर्धा दिवस ते त्या गाडीखाली असायचे. मी महापालिकेच्या शाळेत शिकवायचे. विमा मात्र आम्ही दरवर्षी न चुकता भरत होतो.

नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजवाल्याने गाडी पाहून सांगितलं, की सांगाडाच वाकलाय, दुरुस्तीला गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येईल. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढून गेला. पंधरा दिवसांनी पत्र आलं. गाडी पूर्ण निकामी, बाजारभावाप्रमाणे बत्तीस हजार मंजूर, सोबतच्या कागदावर सही करून पाठवा. पॉलिसीवर किंमत पासष्ट हजार लिहिलेली होती.

यजमान सही करायला निघाले होते. जुनी गाडी आहे, मिळतंय ते घेऊ, असं त्यांचं म्हणणं. मी कागद काढून घेतला. लहानपणी नामपूरला वडिलांबरोबर कांद्याच्या लिलावाला जायचे. पहिल्या बोलीला तिथे कुणी माल देत नसे.

पासष्ट मिळणार नाहीत हे मलाही कळत होतं. खरा भाव काय, ते शोधायचं होतं. तीन रविवार वर्तमानपत्रातल्या जाहिराती कापून ठेवल्या. शाळा सुटल्यावर मुंबई नाक्याजवळच्या जुन्या गाड्यांच्या दुकानांत गेले. पहिल्याने मला गिऱ्हाईक समजून थंड पेय मागवलं आणि कारण कळल्यावर ते आलंच नाही. दुसऱ्याने भाव सांगितला, पण लिहून देणार नाही म्हणाला. तिसरे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी इंजिनकामाचं दोन वर्षांपूर्वीचं बिल आणि टायरची पावती नीट पाहिली, आणि अशा गाडीला पन्नास ते पंचावन्न हजार येतात, असं दुकानाच्या कागदावर लिहून खाली सही केली. पैसे विचारले तर हात हलवून नको म्हणाले.

सगळ्याच्या झेरॉक्स जोडून अर्ज दिला, प्रतीवर आवक शिक्का घेतला आणि आठवड्याने आम्ही दोघं विमा कंपनीच्या अधिकाऱ्यांना भेटायला गेलो. ते उद्धट नव्हते, थकलेले होते.

“बाई, गाडी सोळा वर्षांची आहे,” ते म्हणाले.

“हप्ता घेतलात तेव्हा ती पंधराची होती, साहेब. तेव्हा पासष्ट हजारांवर हप्ता घेतलात.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फाइल उघडली. कात्रणं वाचली, दुकानदाराचं पत्र दोनदा वाचलं. मग सर्व्हेअरच्या अहवालावर बोट ठेवून म्हणाले, मीटरवर त्र्याऐंशी हजारच किलोमीटर दिसताहेत, म्हणजे गाडी फारशी चाललेली नाही. एक्कावन्नपर्यंत शिफारस करता येईल. तसा आकडा त्यांनी फाइलवर लिहिलाही.

मी हो म्हणणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला, “मीटर तीन वर्षांपासून बंद आहे, साहेब.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी आकडा खोडला आणि अठ्ठेचाळीस लिहिला.

स्कूटरवरून घरी येताना मी गेलेल्या तीन हजारांचाच हिशेब करत होते. तीन हजार म्हणजे तेव्हा माझा जवळपास महिन्याचा पगार. स्वयंपाक झाल्यावर विचारलं, की त्यांनी तुम्हाला मीटरचं विचारलं तरी होतं का?

“नाही. पण बंद मीटरवरचा आकडा खरा म्हणून ऐकत बसणं मला जमलं नाही,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “बत्तीसवर सही मीच करत होतो, ते आठवतंय मला.”

त्यावर माझा राग पुढे टिकला नाही. पण गेला, असंही म्हणवत नाही.

चेक दीड महिन्याने आला. सांगाडा कंपनीने मालेगावच्या एका भंगारवाल्याला विकला. तो टेम्पो घेऊन आला, तेव्हा यजमान गॅरेजमध्ये जाऊन उभे राहिले. इंजिन चांगलं आहे, ते तोडू नको, बसवता येईल कुठेतरी, असं त्याला समजावत होते. भंगारवाला “बरं, काका” म्हणाला आणि दोर आवळू लागला.

पुढची गाडी आम्ही सात वर्षांनी घेतली, पुन्हा जुनीच. विम्याच्या कार्यालयातल्या मुलीने सांगितलं, की आता गाडी पूर्ण गेली तर किती द्यायचे, तो आकडा आधीच पॉलिसीवर ठरवून लिहितात. तिने लिहिलेला आकडा मला कमी वाटला. तसं मी तिला सांगितलं, आणि ती साहेबांना विचारायला आत गेली.