आधी जिभेला, मग करियाला

गुरुपादप्पांच्या हातावर काहीही ठेवलं की ते आधी जिभेला लावत. गूळ असो, चुना असो, नाहीतर दारात आलेल्या कुंभाराची माती. शुक्रवार पेठेत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी शाळामास्तर आणि त्यांचं कापडाचं दुकान. नव्या धोतराचा धागासुद्धा ते दाताखाली धरत आणि "खळ लई हाय" म्हणून ठाण बाजूला सारत. गिऱ्हाइकासमोर हे काय चालवलंय, असं मला वाटे. पण त्यांना सांगायचं कुणी?

त्यांचा करिया नावाचा काळा कुत्रा होता, धनगराकडून पिल्लू असताना आणलेला. एरवी तोलूनमापून बोलणारे गुरुपादप्पा त्याच्याशी कन्नडात तासन्‌तास गप्पा मारत. एका उन्हाळ्यात करियाला गोचीड झाले. कानांत, बोटांच्या बेचक्यांत, रक्त पिऊन टम्म फुगलेले. कुत्रा खाईना की उठेना. त्यात थोरली लेक अक्कलकोटाहून बाळंतपणाला यायची होती. त्यांच्या बायकोने, गंगव्वांनी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बजावलं, "अवं, पोरगी यायच्या आत येक तर गोचीड जायला पायजेत, न्हायतर कुत्रं. भितीवर चढाय लागल्यात! कवळ्या बाळाला चावलं म्हंजे?" बाईंचं काही चुकत नव्हतं.

बाटलीवरचं इंग्रजी वाचायला म्हणून गुरुपादप्पा भर उन्हात मला नव्या पेठेत घेऊन गेले. औषधवाल्याने कुत्र्याला आंघोळ घालायचं विलायती औषध काढलं. बाटलीवर पांढऱ्याशुभ्र, झिपऱ्या कुत्र्याचं चित्र. गुरुपादप्पांनी तळहात पुढे केला.

"जरा हितं वता की."

"अहो, कुत्र्याचं आहे ते! पोटात जायचं नाही."

"मग ह्यो चितरातला कुत्रा अंग चाटत न्हाय व्हय?"

औषधवाल्याने बाटली परत फळीवर ठेवली. "बेड, बेड," म्हणत गुरुपादप्पा पायरी उतरले. नको म्हणायचं झालं की त्यांच्या तोंडी कन्नडच येई. रस्त्यात मला म्हणाले, "मास्तर, त्यो सगळं अंग चाटतोय. जे माझ्या जिभेला चालत न्हाय, ते त्याला कसं लावू?" मी चिडलो होतो. फुकटची पायपीट!

मग गल्लीतल्या एका विणकराने तंबाखूचं पाणी सुचवलं. गुरुपादप्पांनी ते सकाळी उकळलं, पण लिंगपूजेआधी तोंडात काही घालायचं नाही म्हणून थांबले. पूजा आटोपून, कपाळाच्या भस्मासकट, तसेच चाखायला बसले. गंगव्वांनी त्यांच्या तळहातावर पाणी ओतलं. आता, पूजेनंतर तळहातावर पाणी आलं की त्याचं काय करायचं, हे त्या हाताला लहानपणापासून पाठ. ते नुसतं जिभेला न लावता त्यांनी सगळं पिऊन टाकलं, आणि ओला हात डोक्यावरून फिरवला!

पुढे जे व्हायचं ते झालं. ओकून ओकून बेजार. गंगव्वा एकीकडे वारा घालत होत्या, दुसरीकडे कुत्र्याचा उद्धार करत होत्या. संध्याकाळी डोळे उघडल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, "मला येवडं फिरतंय, तर त्यो मेलाच असता की!" हसावं की रडावं, मला समजेना. पण तो माणूस त्या क्षणी मला फार आवडला.

शेवटी त्यांनी करंजाचं तेल चाखलं. तोंड वाकडं झालं, पण पोट गप्प राहिलं. "कडू हाय, पन चालतंय," ते म्हणाले. मग रोज दुपारी दुकान अर्धं लावून ते करियाला तेल चोळत, गोचीड एकेक करून वेचत आणि रॉकेलच्या वाटीत टाकत. मग रिठ्याच्या पाण्याने आंघोळ. लेक आली तेव्हा करिया दारात उभा राहून शेपटी हलवत होता. गंगव्वांनी त्याचे कान उलटून पाहिले, भाकरी टाकली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

करिया गेल्यावर काही वर्षांनी गुरुपादप्पाही आजारी पडले. मी भेटायला गेलो तेव्हा डॉक्टरांचं औषध चमच्यात होतं आणि त्यांनी दात घट्ट मिटले होते. हात उचलून चाखायचं बळ उरलं नव्हतं. "बेड," एवढंच पुटपुटत होते. मी समजूत घालायला पुढे झालो, तर गंगव्वांनी मला हाताने थांबवलं. चमच्यातला थेंब स्वतःच्या तळहातावर घेतला आणि जिभेला लावला.

"कडू हाय, पन चालतंय," त्या म्हणाल्या.

गुरुपादप्पांनी तोंड उघडलं. त्या औषधाचा गुण काही आला नाही. पण पुढे शेवटपर्यंत त्यांनी एकदाही औषध नाकारलं नाही, आणि गंगव्वांनी एकदाही ते चाखल्याशिवाय दिलं नाही.