भित्र्या मामांची काहील

साऱ्या परभणी जिल्ह्यात सगळ्यांत भित्रा माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी जराही न थांबता बेटावरच्या काहीलवाल्या मामांकडे बोट दाखवीन. आणि गंमत अशी, की गोदावरीच्या भर पात्रातून माणसांची ने-आण करण्याचा उद्योग आसपासच्या दहा गावांत हाच एक माणूस करायचा. काहील म्हणजे गूळ शिजवायची अवाढव्य लोखंडी कढई. तिला ना टोक ना शेपूट, त्यामुळे आपण पुढे तोंड करून बसलोय की मागे, हे उतरेपर्यंत कळत नसे. अशा काहिलीत पाच-सहा माणसं उकिडवी बसवायची आणि दोन्ही काठांच्या झाडांना बांधलेला जाड दोर हाताखाली हात टाकत ओढत पैलतीर गाठायचा. मामांनी हे तीस वर्षं केलं, आणि तीसही वर्षं ते थरथरत केलं. त्यांना पोहता येत नव्हतं. "मामा, शिकून घ्या की," असं मी एकदा म्हटलं, तर माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "पवता येनाराच बुडतो, बाई. त्याला भरोसा असतो ना पान्याचा!"

मी गंगाखेडच्या वरच्या अंगाला, काठावरच्या एका गावी नर्स होते. आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत नदीतलं ते बेटही यायचं, म्हणून दर मंगळवारी लसींचा डबा खांद्याला लावून मला मामांच्या काहिलीत बसावं लागे. बेट ते केवढं! चौदा-पंधरा घरं, एक मारुती, एका खोलीची शाळा, माणसांहून जास्त शेळ्या आणि सगळीकडे वांगी नि मिरच्या. मी नवी होते तेव्हा उन्हाळ्यात ते बेट राहायचंच नाही. पाणी आटून जायचं आणि वाळूतून चपला हातात घेऊन चालत जाता यायचं. ते चार महिने मामा हसायचे, गप्पा मारायचे, अंगानंही जरा भरायचे. मग खालच्या बाजूला बंधारा झाला, पाणी बारमाही तुंबलं, सगळ्या गावांना आनंद झाला आणि मामांची भीती चार महिने सुट्टी घ्यायची तीही घेईनाशी झाली.

काहील काठावरून सुटण्याआधी मामांचं एक भाषण व्हायचं. कोर्टातला शिरस्तेदार वाचून दाखवतो तसं, एका सुरात, पाण्याकडे बघत. "शिंकायचं आसंल तर आताच शिंका. भांडन आसंल तर काठावरच मिटवा. मधी कुनी उठायचं न्हाई, हसायचं न्हाई, मासा दिसला तरी बोट दाखवायचं न्हाई. दोर हाय, पन दोराचं काय, तो सुताचाच हाय. काहील हाय, पन तीबी जुनी हाय." एवढं ऐकून माणूस असा गार व्हायचा की पैलतीरापर्यंत पापणीसुद्धा हलवायचा नाही. नवीन आलेल्या एका ग्रामसेवकाला त्यांनी अगदी आपुलकीनं विचारलं, "साहेब, घरी कोन कोन असतं?" साहेब म्हणाले, बायको आहे, दोन मुली आहेत. मामांनी "आरारा" एवढंच म्हटलं. साहेब तसेच उतरले, काठावरच्या बाभळीखाली सतरंजी टाकून त्यांनी बेटाची ग्रामसभा उरकली आणि पुढं बदली होईपर्यंत बेट लांबूनच पाहिलं. बेटावरच्या बाया मामांच्या नावानं बोटं मोडायच्या. या माणसाच्या भ्यानं घरकुलं आली नाहीत, की नळ आला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते बरंचसं खरंही होतं.

एकदा बेटावर नवरी यायची होती. वऱ्हाड काठावर खोळंबलेलं. मामांनी आधी नवरदेवाचं बाशिंग उतरवून मांडीवर ठेवायला लावलं, कारण त्यात वारा भरतो. मग म्हणाले, नवरा-नवरी एका फेरीत नेणार नाही. "दोघं एकदम कशाला? एक तरी राहावं मागं." हे ऐकून नवरीच्या आईनं तिथंच गळा काढला आणि नवरीच्या मामानं यांची गचांडी धरली. पण आमचे मामा हटले नाहीत. शेवटी नवरदेव एकटाच, बाशिंग पोटाशी धरून, हरवलेली म्हैस परत आणावी तसा घरी पोचला आणि नवरी पाऊण तासानं.

जेवतानाही त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. घर काठाला लागून. पाणी किती चढलं ते कळायला कडेला एक तुराटी रोवलेली आणि मामांचं पान अशा बेतानं मांडलेलं की घास घेताना ती दिसावी. दोन घासांत एकदा बघायचे. मामी मात्र वाघाच्या काळजाची बाई. विंचू दिसला तर चिमट्यात धरून चुलीत टाकायची आणि त्याच चिमट्यानं भाकर उलटायची. ती वैतागून म्हणायची, "एक तर भाकर खावा, न्हाई तर पानी पाहा!" पुरात यांचं कुणी गेलं असेल, त्याचा हा धसका असेल, असं मला बरीच वर्षं वाटायचं. एकदा धीर करून विचारलंच. मामा चमकले. "न्हाई ओ, माझं कुनीच बुडलं न्हाई आजपरेंत. म्हनूनच तर भ्या वाटायलंय."

अशा माणसाच्या भीतीवर कुणी किती दिवस विश्वास ठेवायचा? मीही ठेवला नाही, आणि ते सांगायलाच हे सारं लिहायला घेतलं.

श्रावण संपत आला होता. आमच्याकडे पाऊस नव्हता. आभाळ नुसतं भरलेलं. मंगळवार म्हणून मी बेटावर गेले, तर कडेच्या घरातलं तीन महिन्यांचं बाळ कण्हत होतं. बाळाची आई बाळंतपणानंतर अशक्त, म्हणून सासूनं बाळाला शेळीचं दूध चालू केलेलं, आणि त्यावरून माझं नि त्या म्हातारीचं आधीच दोनदा वाजलेलं. पण आज प्रकरण दुधाचं नव्हतं. बाळाची छाती भात्यासारखी चालली होती, बरगड्यांखाली खळगी पडत होती. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता गंगाखेडला दवाखान्यात न्यायचं. म्हातारीनं मुकाट्यानं लुगड्याचा काष्टा आवळला आणि शेळी सोडून बरोबर घेतली. दवाखान्यात बाळ काय पिणार, असा तिचा सवाल होता, आणि वाद घालायला मला वेळ नव्हता.

मामा काहिलीजवळ उभे होते. हात मागे बांधलेले. "आज न्हाई, बाई. पान्याचा रंग बदललाय. फेस यायलाय. वरच्या धरनातून सोडलंय का काय कोन जाने."

मी पाण्याकडे बघितलं. मला ते रोजच्यासारखंच दिसलं, जरा गढूळ एवढंच. बेटावर तेव्हा फोनला रेंज नसायची, विचारणार कुणाला? मी चिडले. अगदी आजही आठवतं ते वाक्य, आणि आठवलं की कानशिलं तापतात. मी म्हटलं, "मामा, तुम्ही रोजच भिता. आज तुमच्या भीतीपायी हे लेकरू जाऊ द्यायचं का?"

त्यांनी बाळाकडे बघितलं. मग काहील पाण्यात लोटली.

आम्ही बसलो. आई बाळाला पदरात घेऊन, सासू शेळीच्या गळ्यात हात टाकून, मी डबा मांडीवर धरून. मामांनी दोर धरला. आणि माझ्या लक्षात आलं की त्यांनी भाषण केलं नाही. शिंकू नका म्हणाले नाहीत, उठू नका म्हणाले नाहीत. शेळी आहे तरी बोलले नाहीत, एरवी शेळीला ते सर्वांत जास्त भ्यायचे, कारण तिला समजावून सांगता येत नाही. इतक्या वर्षांत ज्या बडबडीला मी हसत आले, ती थांबल्याबरोबर मी डब्याचा पट्टा मनगटाला गुंडाळला. मी त्यांना म्हणणार होते, मामा, परत फिरू. पण तेवढ्यात बाळ कण्हलं.

मधोमध गेलो आणि दोर गुणगुणायला लागला. तारेतून वारा जावा तसा. पाणी वर चढताना दिसत नव्हतं, काठ मात्र खाली खाली जात होते. मग वरच्या अंगानं एक आख्खं झाड आलं, मुळांसकट, सावकाश, जणू त्याला कसली घाई नाही. ते दोरावर येऊन अडकणार आणि दोर आम्हाला धरून खाली ओढणार, हे मला कळायच्या आत मामांनी हात उघडले. दोर सोडला. इतकी वर्षं ज्याला धरून होते तो दोर त्यांनी सोडला आणि काहील गरकन फिरली.

त्यानंतरचं सलग आठवत नाही. काठ, आभाळ, काठ, आभाळ, असं सगळं भोवती फिरत होतं. शेळी धडपडून उभी राहायला गेली, तशी मामांनी तिला गुडघ्यांत दाबून धरली आणि काहिलीत ठेवलेली फळी घेऊन पाणी कापत राहिले. म्हातारी देवाचं नाव घेत होती. मामांचे ओठ पांढरे पडलेले, हनुवटी लटलटत होती. भीती त्यांच्या अंगात नखशिखांत होती, पण हात मात्र दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे चालले होते. एका वाकणाला पाणी बाभळीच्या बनात शिरलं होतं. तिथं काहील झुकली आणि मामांनी समोर आलेली काटेरी फांदी दोन्ही हातांनी धरली. नंतर रानातली माणसं दोरखंड घेऊन धावत आली, तोपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.

चिखलात उतरल्यावर मामा ओकले. मग मान वर करून पहिला शब्द बोलले, "लेकरू हाय का?"

लेकरू होतं. जीपमधून गंगाखेडला पोचलो, आठ-दहा दिवस तिथं राहावं लागलं, पण बाळ सुखरूप घरी आलं. मामांच्या तळहातांतले काटे मी माझ्या चिमट्यानं काढले, पुष्कळ वेळ लागला. काढता काढता म्हटलं, "मामा, मी तुम्हाला फार लागेल असं बोलले."

"खोटं कुठं बोलले तुमी?" ते म्हणाले. "हाव की मी भित्रा." आणि जरा थांबून, "पन बाई, फुडल्या बारीला मी न्हाई म्हनलो तर न्हाई समजा."

मी समजत गेले. पुढची सहा वर्षं त्यांनी "आज न्हाई" म्हटलं की मी डबा घेऊन परत फिरायची, वरिष्ठांची बोलणी खायची.

आता मी निवृत्त होऊन परभणीत असते. बेटावर राहतं असं कुणी उरलेलं नाही. पोरं गंगाखेड, परभणी, पुण्याला गेली. शाळेच्या खोलीत कुणीतरी कडबा भरून ठेवलाय म्हणतात. पाणी सोडणार असलं की आधी मोबाईलवर निरोप येतो, पण तो वाचायला तिथं माणूस नाही. मामी गेली. मामांना लेकीनं ताडकळसला आपल्याकडे आणलं.

मागच्या हिवाळ्यात मुद्दाम त्यांना भेटायला गेले. रस्त्याला लागून घर, ओट्यावर मामा बसलेले. समोरून उसाच्या गाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली अंगावर धूळ उडवत जात होत्या आणि मामा जेवत होते. पूर्ण जेवण ताटात बघून जेवले. तब्येत छान होती, बोलणंही छान. मी सहज विचारलं, "इथं भीती नाही ना वाटत, मामा?"

"कशाची?" ते म्हणाले. "एकट्याचं वझं कितीसं असतं, बाई!"

बाजाराचा दिवस होता. मला गाडीत बसवून द्यायला ते स्टँडपर्यंत आले. रस्ता ओलांडायचा होता. मी उभी राहून डावी-उजवीकडे बघते आहे, तेवढ्यात मामा चालायलाही लागले, सरळ, कुठंही न बघता. ऊस भरलेला ट्रॅक्टर कर्णा वाजवत अगदी अंगावर आला. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं आणि ओरडले, "मामा, बघून!"

"चला ओ बाई," ते हसत म्हणाले, "काय होत न्हाई."

त्यांच्या तोंडून हे शब्द मी जन्मात ऐकले नव्हते. मनगट सोडायला माझं मन होईना. पण एसटी लागली, कंडक्टरनं घाई केली, मी चढले. खिडकीशी जागा मिळाली. मामा खाली हात वर करून उभे होते. मग ते वळले आणि घराकडे जायला रस्त्यात उतरले. मी मान बाहेर काढून बघत राहिले. पण मध्ये एक टेम्पो आडवा आला, आमची गाडीही वळली, आणि त्यांनी रस्ता ओलांडलेला काही मला दिसला नाही.