स्टेशनाविना वस्ती

लंकाबाईंनी चहाचं पातेलं स्टोव्हवर ठेवलं, तेवढ्यात पंक्चरवाला भरत मोबाइल हातात धरून रस्त्यापलीकडून धावत आला.

"मावशे, रेल्वे आपल्याकडून जायाची न्हाई. मार्ग बदलला."

"कोण म्हणतं?"

"बातमी आलीय. पार तिकडून नेणारेत."

लंकाबाईंच्या हातातली साखरेची बरणी हातातच राहिली. चहा उतू गेला, स्टोव्ह विझला, तरी त्यांना कळलं नाही.

चार वर्षांपूर्वी राजुरीहून आणे गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मोजणीवाल्यांनी दगड रोवले, तेव्हा त्या इथे कांदे काढायला आल्या होत्या. मूळच्या आंबेगावच्या डोंगरातल्या. नवरा गेल्यावर भावाच्या आश्रयाला राहिलेल्या. "इथं स्टेशन होणार," असं मोजणीवाला म्हणाला आणि त्यांनी त्याच आठवड्यात रानाच्या मालकीण गोजरबाईंकडून बांधालगतची जागा मागून घेतली. चार वासे, वर पत्रा, की चहाची टपरी उभी. पाठोपाठ भरतचं दुकान आलं, नूतनचं शिलाई मशीन आलं. बघता बघता नऊ घरं झाली.

दुपारपर्यंत सगळे टपरीपाशी गोळा झाले. लंकाबाई उठल्या आणि दगडापाशी गेल्या. दोन्ही हातांनी हलवून पाहिला. जाम हलेना.

"मंग ह्यो रवला कशाला व्हता?" त्या ओरडल्या.



तेवढ्यात बांधावरून गोजरबाई येताना दिसल्या. लंकाबाईंना वाटलं, आता जागा खाली कर म्हणणार! गोजरबाई बाकावर टेकल्या, पदरानं तोंड पुसलं.

"जागा मी तुला दिली व्हती लंके, रेल्वेला न्हाई. च्या टाक."

नवरा गेला तेव्हाही न रडलेल्या लंकाबाई सगळ्यांदेखत हमसून हमसून रडल्या.

भरतनं आठवड्याभरात कॉम्प्रेसर टेम्पोत घातला आणि आळेफाटा गाठला. आणखी तीन घरं उठली. लंकाबाई त्या रिकाम्या जोत्यांकडे पाहायचं टाळायच्या. उरलेल्या पाच घरांनी दिवाळीनंतर मिळून बोअर घेतला. चारशे फुटांपर्यंत नुसती धूळ उडाली. मशीनवाला पाइप काढायच्या बेतात असताना एकाएकी पाण्याचा लोट उसळला. पोरं नाचायला लागली, नूतन हसत सुटली. लंकाबाई मात्र चिखलात भिजत उभ्या होत्या, ओंजळीत पाणी धरून.