अब्बांच्या केस पेपरवरचा शब्द

डॉक्टरांनी अब्बांकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि काम काय करतोस ते विचारलं. अब्बा म्हणाले, उत्रोलीच्या भातगिरणीवर टेम्पो चालवतो.

"ड्रायव्हर," डॉक्टर म्हणाले. "तुमच्यात चालत नाही म्हणता ना? मग लपून पितोस का रे?"

अब्बा बावन्न वर्षांचे. डॉक्टर माझ्या मामूंपेक्षाही लहान. अब्बांना वाटलं थट्टा आहे, तेही हसले. "न्हाई सायेब. च्याशिवाय कायबी न्हाई."

तोवर लिहून झालं होतं. इंग्रजीत. अल्कोहोलिक. खाली गोळ्या.

त्या खोलीत तो शब्द वाचता येणारे दोघंच होतो. लिहिणारे ते आणि मी.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं, मी बारावीत होते. पहिलीपासून नसरापूरजवळच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. घरातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्या हातात यायचा. हा रिपोर्टही आदल्या दिवशी मीच वाचला होता. एसजीपीटी एकशे बेचाळीस. असायला हवं चाळीसच्या आत. अब्बा खूश झाले. "येकशे बेचाळीस? म्हंजी पास की." माझ्या प्रगतिपुस्तकातले आकडे बघायची सवय. यकृताला सूज आली की हे रक्तात वाढतं, यात जास्त म्हणजे वाईट, हे समजावताना अम्मी आणि मी दोघी हसलो होतो.

दवाखान्याबाहेर अब्बांनी विचारलं, काय लिवलंय. मी म्हटलं, गोळ्यांची नावं.

मला बोलता येत नाही असं नाही. चारचौघांत बोलायचं टाळते. त्या दिवशीही टाळलं. पण बाहेर अब्बा एकटेच होते, तेव्हाही मी खोटंच बोलले.

थकवा जाईना म्हणून अब्बांनी रजा मागितली. गिरणीच्या शेठना पटावं म्हणून केस पेपर सोबत नेला. व्यवस्थित घडी घालून, खिशात. शेठना इंग्रजी येत होतं. त्यांनी हमालांसमोर मोठ्यानं वाचलं. म्हणाले, "पाच वेळा नमाज आणि सहाव्या वेळी हे व्हय?" हमाल हसले. शेठनी टेम्पोची किल्ली मागून घेतली.

अब्बा दुपारी चालत घरी आले. कागद माझ्यापुढे ठेवला.

"तुला तवाच कळलं व्हतं?"

"हो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ताट पुढं ओढलं आणि जेवले. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी मला एकही कागद वाचायला दिला नाही.

मी एकटीच लॅबमध्ये गेले. रक्त काढणाऱ्या बाई ओळखीच्या होत्या. त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. यात दोन आकडे असतात, म्हणाल्या, एसजीओटी आणि एसजीपीटी. दारूनं यकृत सुजलं की बहुतेक वेळा पहिला दुसऱ्याच्या वर जातो. इथं उलटं आहे. एवढ्यावरून नक्की काही ठरत नाही, पण बी काविळीची तपासणी आधी करायला हवी होती.

केली. पॉझिटिव्ह आली. डोळे पिवळे नाहीत, लघवी पिवळी नाही, म्हणून कावीळ असेल असं घरात कुणाला वाटलंच नव्हतं. कधी शिरली, कुठल्या सुईतून, कुठल्या वस्तऱ्यातून, कोण सांगणार.

दोन्ही रिपोर्ट आणि केस पेपर घेऊन मी त्याच डॉक्टरांकडे गेले. अब्बा मागे उभे. बाकावर बरेच पेशंट. डॉक्टर म्हणाले, मग बी कावीळ आहे, पुण्याला दाखवा.

"आधी तो शब्द खोडा," मी म्हणाले. मराठीत. सगळ्यांना कळावं म्हणून.

"बाळ, तो केस पेपर आहे. ड्रायव्हर माणसाला आम्ही विचारतोच."

"विचारलंत. त्यांनी उत्तरही दिलं होतं. तोवर तुम्ही लिहून मोकळे झाला होतात."

अब्बा हळूच म्हणाले, "जाऊ दे, पोरी." मी जाऊ दिलं नाही. तिथंच उभी राहिले. शेवटी डॉक्टरांनी एक रेघ ओढली. मी म्हटलं, सही. त्यांनी सही केली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

तो कागद घेऊन आम्ही भातगिरणीवर गेलो. टेम्पोवर नवा ड्रायव्हर होता. शेठनी कागद वाचला, परत दिला. हमालांसमोर मात्र मोठ्यानं काही वाचलं नाही. मी वाचला. अब्बांनी मान वर केली नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. बी गेलेली नव्हती. आता ही जन्माची सोबत, पुण्याचे डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला द्यायचं. एसजीपीटी कधी साठ, कधी नव्वद, एकदा छत्तीस आली. छत्तीस आली म्हणून आजार गेला असं नाही, हेही मीच घरी सांगितलं. अम्मी, भाऊ आणि मी, तिघांनी लस टोचून घेतली. अब्बा आता दुसऱ्याच्या दुकानात पोती मोजतात. लवकर दमतात. मीही दमलेय.

पण डॉक्टर लिहायला लागले की मी खुर्चीवरून उठते. त्यांच्या टेबलाशी जाते. लिहिलेला प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचते आणि अब्बांना त्याचा मराठीत अर्थ सांगते. काहींना आवडत नाही. एकानं विचारलं, विश्वास नाही का? मी म्हटलं, नाही.

आवाज अजून कापतो. कापू दे. वाचून झाल्याशिवाय कागदाची घडी घालू देणार नाही.