हातमोज्यात न सापडणारं बटण

या सदरातले अनुभव मी आजवर चहा पीत, हसत हसत वाचत आले. कुणाच्या खिडकीत बाई दिसते, कुणाच्या मागून पावलं येतात... आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. वडील पुण्यात फायर ब्रिगेडमध्ये होते. "भुतं नसतात, उघड्या वायरी असतात," असं ते म्हणायचे. मीही तेच म्हणत आले — गेल्या वर्षीच्या त्या दुपारपर्यंत.

मी टोकियोत राहते, हिगाशी-कसाईला. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले आणि आता स्वतःही नोकरी करते — अग्निशमन दलासाठी वॉकीटॉकी बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. फायर स्टेशनांवर जाऊन जवानांना विचारायचं, की सेट हातात नीट बसतो का, बटणं सापडतात का, काय बदलू... हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण जपानी माणसाकडून तक्रार काढून घेणं महाकठीण. आमच्या पुण्यात ती न विचारता मिळते! इथे सगळे हसून "दाइजोबू देस" म्हणतात, म्हणजे सगळं ठीक आहे. त्यातून वडीलधारा माणूस बोलल्याशिवाय धाकटे तोंड उघडत नाहीत, आणि वडीलधारा माणूस पाहुण्यासमोर नावं ठेवत नाही. बसा मग.

त्या दुपारी टोकियोतल्याच कोतो भागातल्या एका फायर स्टेशनवर गेले होते. बाहेर लख्ख ऊन, आत लाल गाड्या पुसून चकचकीत उभ्या. माझ्याकडे नव्या सेटची डमी होती — नुसतं प्लॅस्टिकचं खोकं आणि वजन यावं म्हणून आत लोखंडाची पट्टी. सर्किट नाही, बॅटरी नाही, स्पीकर नाही. हातमोजे घालून बटण दाबता येतं का, एवढंच बघायचं होतं.

आणि ते दाबता येत नव्हतं. डोळ्यांसमोर दिसत होतं! एका जवानाचा अंगठा बोलायच्या बटणाभोवती चाचपडत फिरला, घसरला, पुन्हा फिरला.

"कसं वाटलं?"

"दाइजोबू देस."

दुसऱ्याचं तेच. त्यांचे प्रमुख हायाशी-सान, रिटायरमेंटला आलेले, त्यांनीही डमी उलटसुलट करून पाहिली आणि मान डोलावली. माझा जीव नुसता खालीवर होत होता. पुढच्या आठवड्यात साचा पक्का होणार होता. मग हेच बटण घेऊन ही माणसं धुरात शिरणार, आणि एखाद्याला "मी इथे अडकलोय" एवढंच सांगायचं असेल तेव्हा अंगठ्याला ते सापडणार नाही. ऑफिसात मी माझ्या मनाने सांगितलं असतं, तर विचारलं गेलं असतं, तक्रार कुणाची आहे? कुणाचीच नव्हती.

मी डमी टेबलावर ठेवली आणि पर्समधून पाण्याची बाटली काढायला वाकले. तेवढ्यात डमीतून आवाज आला. आधी वॉकीटॉकीची असते तशी खरखर, मग स्वच्छ मराठीत —

"चिमे, बटण कुठंय गं ह्याचं? हातमोज्यात काही कळत नाही बघ."

मला चिमे म्हणणारा माणूस जगात एकच होता. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

घाबरलीस का, असं सगळे विचारतात. नाही घाबरले. इतका आनंद झाला की हसतेय की रडतेय, माझं मलाच कळेना. तो कुरकुरीचा सूर तर मी लहानपणापासून ऐकलेला! टीव्हीचा रिमोट असो नाहीतर मिक्सर, बाबा प्रत्येक वस्तूला नावं ठेवायचे. कौतुक त्यांना जमायचंच नाही. आईची आमटी आवडली की ते गप्प बसून जेवायचे, तेवढंच.

क्षणभर वाटलं, भास असेल. पण टेबलाभोवतीचे सगळेच डमीकडे बघत होते.

"हे कोण बोलले?" हायाशी-सानांनी हळूच विचारलं.

"माझे वडील," मी बोलून गेले. "तेही फायरमन होते. आता नाहीत."

हायाशी-सान उठून उभे राहिले, टोपी काढली आणि त्या प्लॅस्टिकच्या खोक्यासमोर कमरेतून वाकले. मग विचारलं, "काय म्हणाले?"

मी जसंच्या तसं जपानीत सांगितलं.  मग हायाशी-सान घसा खाकरून म्हणाले, "सीनियर बरोबर बोलतायत. मलाही सापडलं नाही."

आणि मग काय विचारता... बटण मोठं हवं, जरा वर आलेलं हवं, क्लिप पट्ट्यात अडकते, सेट ओल्या हातातून निसटतो! सगळे एकदम बोलायला लागले, मधेच हसत होते, मला तर लिहून घेणं जमेना. इतकी मनसोक्त तक्रार मी जपानमध्ये पहिल्यांदाच ऐकली. अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

निघण्याआधी आम्ही सगळ्यांनी मिळून स्क्रू काढून डमी उघडली. आत लोखंडाची पट्टी, बस. माझा मोबाइल बंद होता. नवरा इंजिनीअर, त्यामुळे त्याने घरी बरंच डोकं खाजवलं. "जवळून जाणाऱ्या कुठल्यातरी ट्रकचा रेडिओ असेल."

"कोतोमधला मराठी ट्रकवाला? आणि त्याला माझं नाव माहीत?"

त्याने पुन्हा डमीचे स्क्रू काढायला घेतले. आईला फोन केला तेव्हा तिने फक्त एकच विचारलं, "खोकत होते का गं?" शेवटी शेवटी खोकल्यामुळे त्यांना दोन शब्दही धड बोलवत नव्हते, म्हणून.

"नाही आई. ठणठणीत आवाज होता."

पलीकडून तिचं रडणं ऐकू आलं, आणि मग हसणं. "तिथे जाऊनही नावं ठेवतायत," ती म्हणाली.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. नंतर ती डमी कितीदा कानाला लावून बसले, पण पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही. बटण मात्र बदललं. यंदा वसंतात खरा सेट तयार झाला — बॅटरी, स्पीकर, सगळं असलेला — आणि मी तो घेऊन त्याच स्टेशनवर गेले. जवान हातमोजे चढवून तयारच होते. हायाशी-सानांनी त्यांना थांबवलं आणि सेट माझ्यासमोर धरला.

"आधी सीनियरना विचारा."

मी बटण दाबलं आणि मराठीत विचारलं, "बाबा, आता सापडतंय का?"

बटण सोडलं. सगळे कान देऊन उभे राहिले. बराच वेळ सेटमधून काहीच आलं नाही, साधी खरखरसुद्धा नाही.

"काय म्हणाले?" हायाशी-सानांनी विचारलं.

"आवडलंय त्यांना," मी म्हटलं.